बॉनेटखालचा लाल पत्रा

चालत्या गाडीचं बॉनेट उघडलं की समोरचा रस्ता एकदम नाहीसा होतो. मुरबाडहून घरी येताना एका दुपारी मला हे कळलं. सकाळी जातानाच पुढून खडखड ऐकू येत होती. डब्यात चमचा राहिल्यासारखी. मी गाणी लावली आणि आवाज झाकून टाकला. परतताना एका गतिरोधकावर गाडी उडाली, पुढं काहीतरी कडकन तुटलं आणि पांढरा पत्रा वर उचलला जाऊन धाडकन काचेवर आपटला.

ब्रेक दाबायचा एवढं सुचलं. पण मागं खडीचा डंपर होता, त्याचा हॉर्न माझ्या पाठीतून आत शिरत होता. बॉनेट आणि काच यांच्यामध्ये खाली बोटभर फट राहिली होती. मान वाकवून त्या फटीतून पाहत मी गाडी डावीकडे घेतली. चाक मातीत उतरलं, गाडी कलली आणि थांबली. डंपर बाजूनं गेला तेव्हा सगळी गाडी हलली.

रस्त्याला लागून वालाचं शेत होतं. भातं निघून गेली होती, खळ्यावर पेंढ्याच्या उडव्या रचल्या होत्या. शेतातून एक जोडपं धावत आलं. बाईनं दार उघडलं.

"लागलं काय गो बाय?"

"नाही."

"मग हात सोड की."

मी पाहिलं, माझे दोन्ही हात स्टेअरिंगला तसेच चिकटलेले होते. बाईनंच एकेक बोट सोडवलं. तिच्या नवऱ्यानं बॉनेट खाली दाबून बघितलं, पण ते बसेना. ज्या पट्टीला त्याचं लॉक असतं, ती पट्टीच एका बाजूनं निखळून वर आली होती. त्यानं बैलाचं दावं आणून बॉनेट पुढच्या बंपरला करकचून बांधलं.

"हळूहळू माघारी जावा मुरबाडला," तो म्हणाला. "पुढं जाऊ नका अशा गाडीनं."

मी नवऱ्याला फोन लावला. तो वाशिंदच्या एका कंपनीत शिफ्टला असतो आणि कामावर असताना त्याचा फोन लॉकरमध्ये असतो. फोन वाजत राहिला. शेवटी मी गाडी वळवली आणि बैलगाडीच्या चालीनं मुरबाडला निघाले. प्रत्येक खड्ड्याला ते दावं ताणलं जायचं आणि मी ब्रेकवर पाय ठेवायची.

मी मुरबाडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. घर शहापूरजवळ, सापगावला. एसटीची वेळ आणि कॉलेजची वेळ यांचं कधीच जमलं नाही, म्हणून मोठ्या दिरांनी त्यांची छोटी गाडी आम्हाला दिली तेव्हा मी चाळिशीत ड्रायव्हिंग शिकले. गाडी त्यांनी नवी कोरी घेतली होती. आणली त्या दिवशी वस्तीतल्या विहारापुढं उभी केली, सगळ्यांनी त्रिशरण म्हटलं आणि जाऊबाईंनी पेढे वाटले. पुढं दीर कामाला होते ती कंपनी बंद पडली. त्यांनी ही गाडी आमच्या हवाली केली, स्वतः व्हॅन घेतली आणि आसपासच्या गावांतली मुलं शहापूरच्या शाळेत ने-आण करायला लागले. आमची पाचवीतली लेकही त्यांच्याच व्हॅनमधून जायची. काकाची गाडी म्हणून मला घोर नव्हता.

मुरबाडचा गॅरेजवाला जाडजूड, बोलका माणूस होता. एकाच वेळी तीन गाड्या उघडून बसायचा आणि चौथ्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलायचा. त्यानं दावं सोडलं, बॉनेट वर करून काठीचा टेकू दिला आणि निखळलेली पट्टी हातानं हलवून पाहिली. तिच्यासोबत आतला रेडिएटरही डुलला. खालच्या पाइपातून हिरवं पाणी टिपकत होतं.

"हा बघा, ह्याला सपोर्ट म्हणतात," तो म्हणाला. "रेडिएटरचा सपोर्ट. दाराला चौकट असते ना, तशी ही गाडीच्या तोंडाची चौकट. रेडिएटर हिच्यात बसतो, दोन्ही लायटी हिला, बॉनेटचं लॉकपण हिलाच. चौकट हलली का सगळंच हललं."

"गतिरोधकानं तुटली?"

"गतिरोधकानं कशाला तुटंल?" त्यानं स्क्रू ड्रायव्हरनं पट्टीचा कोपरा खरवडला. पांढरा रंग पापुद्र्यासारखा सुटला. खाली पुट्टी होती, पिवळसर. पुट्टीचा तुकडा पडला तसा आतून लाल पत्रा दिसला. लालभडक, दुसऱ्याच कुठल्या गाडीचा.

"ही वरची पट्टी या गाडीची नाय, मॅडम. भंगारातल्या लाल गाडीची कापून लावलीय. वेल्डिंगचे चार टाके मारले, पुट्टी भरली, वर पांढरा फासला. टिकली तेवढी टिकली." मग त्यानं खाली वाकून दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवरून हात फिरवला. "पुढनं चांगलीच ठोकलेली गाडी घेतलीत तुमी."

"घेतली नाही. घरातलीच आहे. दिरांनी नवी घेतली होती."

"मग घरातच कुणीतरी ठोकली," तो हसत म्हणाला आणि वाजणारा फोन उचलला.

हसण्यासारखं त्यात मला काही सापडलं नाही. एवढ्या दिवसांत मी त्या गाडीतून लेकीला कितीदा नेलं होतं. चार टाक्यांवर.

संध्याकाळी शेअर रिक्षा बदलत घरी आले. नवरा फर्स्ट शिफ्ट करून आधीच आला होता. त्याला सगळं सांगितलं. बॉनेटचं ऐकताना त्याचा चेहरा उतरला, पण मी लाल पत्र्यावर आले तसा तो आडव्यातच शिरला.

"गॅरेजवाले काय, काम वाढवायला काहीपण सांगतात."

"मी डोळ्यांनी पाहिला पत्रा."

"अगं, दादानं आपल्याला गाडी दिली. आता त्यालाच पोलिसासारखं विचारू काय?"

"पोलिसासारखं नको. भावासारखं विचार."

त्यानं फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. दीर पलीकडून मोठ्यानं हसले. "ते होय! अरे, उंबरमाळीच्या बाजूला म्हैस आडवी आली होती. पुढचं जरा चेपलं. तेव्हाच करून घेतलं मी. तुमाला कशाला सांगत बसू? तिला लागलं नाय ना कुठं?"

"नाय."

"मग झालं तर."

नवऱ्यानं फोन ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. त्याचं समाधान झालं होतं. माझंही व्हायला हरकत नव्हती. त्या बाजूला जंगल आहे, गुरं रस्त्यावर असतात, म्हैस आडवी येऊ शकते. तरी मनात काहीतरी सलत राहिलं. आमचे दीर गाडीला साधा ओरखडा पडला तर आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरणारे. एवढी मोठी गोष्ट ते गिळून कसे बसले?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. शेतातल्या बाईनं निघताना माझ्या पिशवीत वालाच्या शेंगा टाकल्या होत्या. त्यातल्या निम्म्या घेऊन मी जाऊबाईंकडं गेले. दीर बाहेर गेले होते. शेंगा सोलता सोलता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई, म्हशीला धडकली तेव्हा गाडीला बरंच लागलं होतं का?"

"कुठली म्हैस?"

"आमच्याकडं आहे त्या गाडीला."

"म्हैस नाय गो. गाडी उभी होती, ट्रकवाल्यानं मागं घेताना ठोकली. हे तेव्हा गाडीत नव्हतेच." त्यांनी सूप हलवलं आणि दाणे एका बाजूला केले. "ते दिवसच वाईट होते बघ. त्याच आठवड्यात हे कंपनीच्या जिन्यावरून पडले. छाती अशी काळीनिळी झालेली. कुशीवर झोपायला यायचं नाय त्यांना."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. स्टेअरिंग छातीच्या कुठं लागतं ते मला आदल्याच दिवशी समजलं होतं. मला काही झालं नव्हतं, पण गाडी मातीत उतरताना मी पुढं फेकले गेले होते आणि ती जागा अजून दुखत होती.

भावाला एक गोष्ट सांगितली होती, बायकोला दुसरी. मी जाऊबाईंना काही बोलले नाही. घरी येईपर्यंत मी मनाशी कारणं लावत होते. दारू? दीर पीत नाहीत. गाडीत कुणी होतं? कुणाला उडवलं? हा शेवटचा विचार आला आणि मी रस्त्यातच थांबले. शेजारची म्हातारी म्हणाली, "काय गो, काय इसारलीस?" मी मान हलवून पुढं निघाले.

घरी लेक जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. नवरा बाइक पुसत होता. मी लेकीच्या शेजारी बसले आणि काय विचारायचं ते नीट न ठरवताच म्हणाले, "काय गं, काका गाडी जोरात चालवतात का?"

"नाय. काका हळूच चालवतो. कधीकधी तर स्टॅच्यू होतो."

"म्हणजे?"

"आम्ही खेळतो ना, स्टॅच्यू. तसं. काका एकदम स्टॅच्यू होतो, मग आम्ही सगळे ओरडतो, स्टॅच्यू, स्टॅच्यू! पण तो हलतच नाय. डोळेपण मिटत नाय. काका फार भारी खेळतो."

बाइक पुसणारं फडकं थांबलं होतं. नवरा दारात येऊन उभा राहिला.

"गाडी चालू असताना?" मी विचारलं. आवाज साधा ठेवायचा मी फार प्रयत्न केला.

"थांबलेली असते. शाळेच्या गेटवर." तिनं रंग बदलला. "एकदा फक्त पुलावर झाला. तेव्हा गाडी अशी तिरकी चाललेली. मग आठवीतली दीदी पुढं बसते ना, ती किंचाळली, मग काका हलला. म्हणाला, घाबरवलं की नाय सगळ्यांना?"

सापगावचा पूल म्हणजे भातसा नदीवरचा पूल. पलीकडच्या गावांतली मुलं आणायला व्हॅन तो ओलांडायची, आणि त्याचे कठडे किती ठेंगणे आहेत ते मी रोज बघते. नवरा दाराच्या चौकटीला टेकला आणि खाली बसला. लेकीला कळू नये म्हणून मी तिच्या चित्रात आकाशाला निळा लावू लागले, आणि तो रेषेबाहेर गेला म्हणून ती माझ्यावर चिडली.

त्या संध्याकाळी दीर परत यायची आम्ही वाट पाहिली. ते नातेवाइकांकडं मुक्कामाला राहिले, पहाटेच येतो म्हणाले. फोनवर बोलण्यासारखी ही गोष्ट नव्हती. नवऱ्यानं सुपरवायझरला कळवून सुट्टी टाकली आणि सकाळी दीर मुलं घ्यायला निघायच्या आत आम्ही दोघं त्यांच्या अंगणात गेलो.

ते व्हॅनची काच धूत होते. बनियनवर, गळ्यात टॉवेल. "काय रे, सकाळी सकाळी? दोघंच्या दोघं?"

ज्या भावानं नवऱ्याला सायकल शिकवली, वाशिंदच्या कंपनीत चिकटवलं, त्याच्यापुढं त्याची नजर जमिनीतून वर येईना. मग मीच बोलले.

"भावजी, आज गाडी काढू नका."

"का गो?"

"म्हैस नव्हती ना?"

त्यांनी बादलीत फडकं बुडवलं, पिळलं. "सांगितलं ना काल... परवा."

"ताईंना तुम्ही ट्रक सांगितला."

ते पुन्हा काच पुसायला लागले. पुसलेलीच जागा. "तू काय माझी चौकशी लावलीस? गाडी दिली तुमाला, तर त्याचं हे?"

"पोरगी म्हणते काका स्टॅच्यू होतात," मी म्हणाले. "पुलावर झाले म्हणते."

त्यांचा हात काचेवरच राहिला. पाण्याचा ओघळ कोपरापर्यंत आला. क्षणभर मला वाटलं, आत्ताच, इथंच त्यांना काही होतंय. मी पुढं झाले. पण ते शुद्धीत होते. त्यांनी फडकं बादलीत टाकलं आणि व्हॅनच्या पायरीवर बसले.

"म्हैस नव्हती," ते म्हणाले. "कोणच नव्हतं. पावण्याला उंबरमाळी स्टेशनात लोकलमध्ये बसवून यायला गेलो होतो, त्याला सोडला नि येत होतो एकटाच. रस्ता होता, मग झाड होतं. मधलं काय नाय. मी आठवून आठवून बघितलं. मधलं कायच नाय रे."

शेवटचं ते भावाकडं बघून बोलले. नवरा त्यांच्या शेजारी पायरीवर बसला.

"डॉक्टरला दाखवलं नाय?"

"काय सांगू? उपाशी होतो, ऊन होतं, चक्कर आली असंल म्हटलं. परत बरेच दिवस काय झालं नाय. कंपनी बंद झाली. मग ही व्हॅन. आता सगळी मला गाडीवाले काका म्हणतात. घरी बसलो तर कोण म्हणून बसू?"

"दादा, पोरं असतात रे त्यात."

"मला ठाऊक हाय." ते एवढ्या हळू बोलले की मला ओठांवरून कळलं. "रोज पूल आला की मी पाढे म्हणतो. बेरीज करतो. डोकं चालू ठेवायला."

मी जी माणसं ओळखते त्यांत सगळ्यात हसरा माणूस हा. आणि तो रोज सकाळी व्हॅनभर मुलं घेऊन, मनात पाढे म्हणत, तो पूल ओलांडत होता. मला त्यांचा राग आला होता, खूप राग, आणि त्याच वेळी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवावा असंही वाटत होतं.

दारात जाऊबाई उभ्या होत्या. हातात चहाची किटली. किती वेळ उभ्या होत्या ठाऊक नाही. त्यांनी किटली ओट्यावर ठेवली, व्हॅनच्या दारातून हात घालून चावी काढली आणि कमरेला खोचली. मग आत गेल्या.

दिरांनी फोन काढला. एकेका घरी लावला. "आज गाडी येणार नाय. काम निघालंय गाडीचं." प्रत्येक घरी तेच. मी ते खोटं चालू दिलं. त्या सकाळी मुलं दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीनं शाळेत पोचणं एवढंच मला हवं होतं.

कल्याणच्या डॉक्टरकडं आम्ही चौघं गेलो. डोक्याला वायरी लावून कागदावर रेघा काढतात ती तपासणी झाली, मोठ्या मशीनमध्येही घातलं. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कुणी नीट जेवलं नाही. डोक्यात गाठ असेल का, हे आम्ही कुणीच बोलून दाखवलं नाही आणि सगळ्यांच्या मनात तेच होतं. गाठ निघाली नाही. डॉक्टर म्हणाले, हाही फिटचाच प्रकार आहे. अंग थरथरत नाही, तोंडाला फेस येत नाही, माणूस काही क्षण नुसता बसल्या जागी हरवतो आणि परत येतो. गोळ्या नियमित घ्यायच्या. आणि गाडी बंद. सायकलसुद्धा नाही.

"कायमची?" दिरांनी विचारलं.

"ते पुढं बघू. आत्ता बंद."

बाहेर आल्यावर जाऊबाई माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलल्या. "तुला माहीत होतं नि तू शेंगा सोलत बसलीस माझ्यापुढं," त्या म्हणाल्या.

"ताई, मला तेव्हा माहीत नव्हतं. तुमच्याकडूनच तर कळलं."

"माझ्याच घरातलं मला नाय कळलं." त्यांचा राग माझ्यावर नव्हता, पण समोर मी होते. पुढं कितीतरी दिवस त्या मला वाटीभर भाजी द्यायलाही आल्या नाहीत. मी बोलावलं नाही, वाट पाहिली.

मुलांच्या घरी खरं सांगायला हवं होतं. ते सांगायचं असं दिरांनी स्वतःच ठरवलं. नवरा सोबत गेला. एका घरी चहा मिळाला. एका घरी बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. एका बापानं त्यांची कॉलर धरली आणि मग स्वतःच रडायला लागला. नवरा सांगत होता की दादानं कुठंच सबब दिली नाही, हात जोडून उभा राहिला. व्हॅन वस्तीतल्याच एका ड्रायव्हरनं चालवायला घेतली.

या सगळ्यात माझी गाडी गॅरेजमध्ये तोंड उघडून पडून होती. आधी गॅरेजवाल्यानं भलत्याच मॉडेलचा सपोर्ट मागवला, त्याची भोकं जुळेनात, तो परत गेला. "होतं असं कधीकधी," तो म्हणाला. मी एसटीनं आणि रिक्षांनी कॉलेज गाठत होते. खरं सांगायचं तर गाडी येत नाही याचं मला बरंच वाटत होतं.

बरोबरचा सपोर्ट आल्याचा फोन आला तेव्हा दीर म्हणाले, "मीपण येतो." एसटीत ते खिडकीशी बसले आणि पूल येताच डोळे मिटून घेतले. मी त्यांच्या ओठांकडं पाहत होते. हलत नव्हते.

गॅरेजमध्ये गाडीचं पुढचं सगळं काढून ठेवलं होतं. बंपर, लायटी, रेडिएटर एका फळीवर मांडलेले. वायरी टेपनं बांधून बाजूला अडकवल्या होत्या. जुनी लाल पट्टी आणि तिच्याखालचे वाकडे पत्रे टाक्याटाक्यावर ड्रिल मारून सोडवले होते. गॅरेजवाल्यानं पुढच्या दोन्ही बाजूंची टोकं मोजपट्टीनं सरळ आणि तिरकी मोजली. एका बाजूचं टोक आत दबलेलं होतं. ते साखळी लावून हळूहळू बाहेर ओढलं, परत मोजलं, परत ओढलं. पत्रा करकरला की दीर डोळे बारीक करायचे.

"हे मागच्या वेळी कुणी सरळच नाय केलं," गॅरेजवाला म्हणाला. "वरवर जुळवून दिलं."

"मीच घाई केली त्याला," दीर म्हणाले. "म्हटलं कसंपण जोड, पण आज दे. घरी दिसायला नको."

गॅरेजवाल्यानं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला. नवी चौकट, काळ्या रंगाची, त्यानं जागेवर बसवली, क्लॅम्पनं धरली. मला वाटलं आता वेल्डिंग करेल. पण त्यानं आधी लायटी नुसत्या अडकवल्या, बॉनेट हळूच खाली आणलं आणि कडेच्या फटींवरून नजर फिरवली. डावीकडची फट जास्त होती. क्लॅम्प सैल केले, हातोडीनं चौकट केसभर सरकवली, पुन्हा बॉनेट. असं किती वेळा झालं. फटी दोन्हीकडं सारख्या झाल्या तेव्हा त्यानं आम्हाला तोंड फिरवायला सांगितलं आणि टाके मारायला सुरुवात केली. दीर भिंतीकडं तोंड करून उभे होते. वेल्डिंगचा उजेड भिंतीवर उडत होता. त्यांना या लखलखाटानं काही होईल का, अशी भीती मला वाटली. मी त्यांना बाहेर चहाच्या टपरीवर घेऊन गेले.

"तुला राग हाय ना माझा?" चहा घेताना त्यांनी विचारलं.

"आहे."

"असू दे. बोललीस तर बरं वाटतं. घरात कोण बोलतच नाय."

दोन दिवसांनी टाक्यांवर रंग बसला, रेडिएटर नव्या रबरांवर बसला, नवा पाइप आणि कूलंट घातलं. आम्ही पुन्हा गेलो. गॅरेजवाल्यानं बॉनेट वरून सोडून दिलं. खट्ट आवाज आला. त्यानं माझे दोन्ही हात कडेला धरायला लावले आणि म्हणाला, "ओढा. जोर लावून ओढा." मी ओढलं. हललं नाही. दिरांनीही ओढून पाहिलं.

येताना गाडी मी चालवली, दीर शेजारी. सवयीनं त्यांचा उजवा पाय प्रत्येक वळणाला खाली दाबला जात होता, जणू ब्रेक तिकडंच होता. माझी नजर रस्त्यावर कमी आणि बॉनेटच्या पुढच्या कडेवर जास्त. जरा थरथरलं की मी वेग कमी करायची. मागच्या गाड्या हॉर्न मारून पुढं जात होत्या.

"जाऊ दे त्यांना," दीर म्हणाले. "आपल्याला घाई नाय."

गतिरोधक आला. मी गाडी जवळजवळ थांबवून त्याच्यावरून उतरवली. काही वाजलं नाही.

आता त्यालाही बरेच महिने झाले. गोळ्या चालू आहेत. मधे एकदा गोळी चुकली तेव्हा जेवताना घास हातात धरून ते काही क्षण थांबले. त्यानंतर जाऊबाई समोर बसून गोळी गिळेपर्यंत उठत नाहीत. दीर शेताकडं बघतात, सकाळी रस्त्यापर्यंत चालत येऊन मुलांना व्हॅनमध्ये चढवतात. पोरं त्यांना अजून गाडीवाले काकाच म्हणतात. लेक आता माझ्या गाडीतून जाते. कॉलेज उशिरा असलं तरी मी तिला आधी सोडून येते. खडखड ऐकू आली की मी गाणी बंद करते आणि कान देते. बहुतेक वेळा डब्यात खरंच चमचा असतो.

भीती पूर्ण गेलेली नाही. दीर आमच्या ओट्यावर येऊन बसतात, बोलता बोलता गप्प होतात, समोरच्या आंब्याकडं बघत राहतात. कुणीही म्हातारा होत चाललेला माणूस तसं बघतो. पण मी हातातलं काम थांबवते. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघते, पापणी हलायची वाट बघते. त्यांना ते कळतं. मान न वळवताच ते म्हणतात, "हाय गो मी. हितंच हाय."